‘टक’ आवाज येतो, पण गाडी सुरू होत नाही : सेल्फच्या बिघाडाचे क्रमवार निदान

चावी फिरवली असता बोनेटखालून एकच जड ‘टक’ किंवा भराभर ‘टक-टक-टक’ असा आवाज यावा आणि इंजिन मात्र जागचे हलू नये, हा मोटारगाडीतील नेहमीचा आणि तरीही वारंवार चुकीचे निदान होणारा बिघाड आहे. दिवे लागत असतात, हॉर्न वाजत असतो, त्यामुळे बॅटरी ठीक आहे असे गृहीत धरले जाते आणि सेल्फच जळला असावा, या अंदाजाने तो बदलला जातो. काही दिवसांनी तोच आवाज पुन्हा येतो आणि मग कळते, की दोष सेल्फमध्ये नव्हताच, तर बॅटरीच्या टोकावर जमलेल्या थरात किंवा सैल झालेल्या अर्थिंगच्या वायरमध्ये होता. भंडारा जिल्ह्यासारख्या प्रदेशात, जिथे लाखांदूर, पवनी किंवा मोहाडी तालुक्यातील एखाद्या खेड्यातून बंद पडलेली गाडी ओढून गॅरेजपर्यंत नेणे हाच वेगळा खर्च असतो आणि रात्री-अपरात्री रुग्णाला शहरातील रुग्णालयात नेण्यासाठी गावातील त्याच एखाद्या गाडीवर भरवसा असतो, तिथे या आवाजाचा अर्थ गाडीमालकाला स्वतः लावता येणे विशेष गरजेचे आहे. हे निदान अवघड नाही. त्याला क्रम लागतो, आणि अंदाजाऐवजी मोजमापावर विसंबण्याची सवय लागते.

आवाज कुठून येतो

इंजिन स्वतःच्या बळावर सुरू होऊ शकत नाही, कारण त्याच्या पिस्टनांची पहिली हालचाल बाहेरून घडवावी लागते. पूर्वी हे काम गाडीच्या पुढच्या बाजूस हँडल घालून हाताने केले जाई. अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली विजेची मोटर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसवली गेली, तेव्हापासून हे कष्ट कमी होत गेले, आणि आज ज्याला सर्वत्र ‘सेल्फ’ म्हणतात ती हीच मोटर होय. तिच्या अंगावर सोलेनॉइड नावाचा एक छोटा दंडगोल असतो. त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी आणि त्यांच्या मधोमध सरकणारा लोखंडी दट्ट्या असतो. चावी फिरवली, की बारीक वायरमधून येणारा थोडासा प्रवाह या वेटोळ्यांचे चुंबक बनवतो आणि दट्ट्या आत खेचला जातो. या एका हालचालीतून दोन कामे होतात: सेल्फचे लहान दातेरी चाक पुढे सरकून इंजिनाच्या फ्लायव्हीलवरील दातेरी कड्यात, म्हणजे रिंग गिअरमध्ये, अडकते, आणि त्याच वेळी तांब्याचे दोन जाड संपर्कबिंदू एकमेकांना जोडले जाऊन बॅटरीचा मोठा प्रवाह जाड केबलमधून मोटरकडे धावतो. जो ‘टक’ ऐकू येतो तो या दट्ट्याच्या हालचालीचा आवाज असतो.

यातून निदानाची पहिली पायरी सहज मिळते. सोलेनॉइडचा आवाज आला, याचा अर्थ चावीचा स्विच, बारीक वायरी, रिले आणि क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा सुरक्षा स्विच, ही सारी साखळी तिथपर्यंत काम करत आहे. त्यामुळे दोष उरतो तो जाड प्रवाहाच्या मार्गात, म्हणजे बॅटरी, तिची टोके, जाड केबल, अर्थिंग, सोलेनॉइडचे संपर्कबिंदू, मोटर किंवा खुद्द इंजिन यांत. मात्र फ्यूजच्या पेटीतील रिलेचाही हलका टिचकी मारल्यासारखा आवाज येतो, आणि तो सोलेनॉइडच्या आवाजाशी गल्लत करण्याजोगा असतो. म्हणून एका व्यक्तीने चावी फिरवावी आणि दुसऱ्याने बोनेट उघडून, पंखा व पट्ट्यापासून हात आणि कपडे दूर ठेवून, आवाज नेमका कुठून येतो ते ऐकावे. आवाज केवळ रिलेचा असेल, तर सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर सैल किंवा तुटलेली आहे का, हे आधी पाहावे; धानाची पोती साठवलेल्या घरांत आणि गोदामांत उंदीर असतातच, आणि बोनेटखाली शिरून वायरी कुरतडण्याची त्यांची खोड गाडीमालकांना परिचित आहे.

दिवा लागतो म्हणून बॅटरी चांगली, हा समज

या बिघाडात सर्वाधिक दिशाभूल दिव्यांमुळे होते, आणि तिचे कारण समजून घेण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. ६० वॅटच्या एका हेडलाइटला सुमारे ५ अँपिअर प्रवाह लागतो, तर लहान पेट्रोल गाडीच्या सेल्फला इंजिन फिरवताना १०० ते २०० अँपिअर, आणि डिझेल इंजिनाला त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. विजेच्या मार्गात जितका अडथळा, म्हणजे रोध, असेल आणि जितका प्रवाह वाहत असेल, त्या दोहोंच्या गुणाकाराइतका दाब, म्हणजे व्होल्टेज, त्या अडथळ्यातच खर्च होतो. हाच ओहमचा नियम. बॅटरीच्या टोकावरील पांढरट थरामुळे केवळ ०.०२ ओहम इतका क्षुल्लक रोध निर्माण झाला, तर हेडलाइटच्या ५ अँपिअरला त्यात ०.१ व्होल्टचे नुकसान होते, जे डोळ्यांना जाणवतही नाही. परंतु सेल्फच्या १५० अँपिअरला त्याच जागी ३ व्होल्ट गमवावे लागतात आणि मोटरच्या वाट्याला पुरेसा दाब उरत नाही. म्हणून दिवे उजळ असणे हा बॅटरी किंवा तिच्या जोडण्या धडधाकट असल्याचा पुरावा ठरत नाही. त्यांची खरी परीक्षा सेल्फचा भार पडत असतानाच होते.

आवाज आणि दिवे यांवरून पहिला निष्कर्ष

कोणतेही अवजार हाती नसतानाही हेडलाइट लावून सेल्फ मारून पाहिल्यास बरेच काही कळते. गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला आणि समोर कोणीही उभे नाही, अशी खात्री करूनच ही चाचणी करावी.

आवाज भराभर येत असेल आणि प्रत्येक आवाजाबरोबर दिवे मंद होत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या जोडणीत रोध आहे, असे समजावे. अशा वेळी दट्ट्या आत खेचला जातो, संपर्कबिंदू जुळतात, मोटर प्रवाह मागते आणि त्या मागणीसरशी व्होल्टेज इतके कोसळते, की दट्ट्याला धरून ठेवणारे वेटोळे निष्प्रभ होऊन तो मागे येतो. मागणी थांबताच व्होल्टेज सावरते आणि दट्ट्या पुन्हा खेचला जातो. हे चक्र सेकंदात अनेकदा घडते आणि त्याचीच टकटक कानी पडते.

एकच जड आवाज येऊन दिवे जसेच्या तसे उजळ राहत असतील, तर प्रवाह मोटरमध्ये शिरतच नाही. याची दोन प्रमुख कारणे म्हणजे सोलेनॉइडचे जळलेले संपर्कबिंदू आणि मोटरमधील झिजलेले कार्बन ब्रश. एकच आवाज येऊन दिवे एकदम मंद होत असतील, तर प्रवाह जातो आहे पण मोटर फिरू शकत नाही, म्हणजे मोटर आतून अडली आहे, इंजिन अडकले आहे किंवा बॅटरी अगदीच दुबळी आहे. सेल्फ भर्रर्र करून मोकळाच फिरत असेल, तर बॅटरीचा प्रश्न नाही. दातेरी चाक रिंग गिअरमध्ये अडकत नसल्याचे ते लक्षण आहे.

टोकांची पाहणी व सफाई

कोणताही सुटा भाग विकत घेण्याआधी बॅटरीची दोन्ही टोके हाताने हलवून पाहावीत, कारण हाताने फिरणारे टोक सेल्फच्या भाराला कधीच पुरे पडत नाही. बॅटरीतून निसटणारी आम्लाची वाफ टोकांवरील धातूशी संयोग पावून थर तयार करते: शिशावर पांढरा, तर तांबे किंवा पितळ असलेल्या क्लॅम्पवर हिरवट-निळा. पितळी भांड्यांसाठी ख्यातकीर्त असलेल्या भंडाऱ्यातील घरांना हा कळंक नवा नाही. भांड्यावर तो केवळ नजरेला खटकतो, परंतु क्लॅम्पवर तो विजेची वाट अडवतो, आणि कित्येकदा तो वरून दिसत नसून क्लॅम्प व शिशाचा खुंट यांच्या आतील पृष्ठभागावर बसलेला असतो. म्हणून वरवर पुसून भागत नाही, क्लॅम्प काढावाच लागतो.

क्लॅम्प काढताना आधी उणे टोक, म्हणजे काळ्या वायरचे, आणि नंतर अधिक टोक, म्हणजे लाल वायरचे, काढावे. जोडताना हा क्रम उलटा ठेवावा. उणे टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असल्यामुळे ते शाबूत ठेवून अधिक टोकावर पाना चालवला आणि तो पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो, त्यामुळे जवळ बिडी, काडी किंवा ठिणगी असता कामा नये, आणि आतील द्रव गंधकाम्ल असल्याने डोळ्यांना चष्म्याचे आवरण असावे. थर घालवण्यासाठी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टोकांवर ओतावा, मात्र तो बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. फेस थांबल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे करून, खुंट आणि क्लॅम्पची आतील बाजू पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासावी, क्लॅम्प पक्के आवळावेत आणि वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. उणे वायरचे दुसरे टोक जिथे बॉडीला व इंजिनाला जोडलेले असते, तो नट-बोल्टही याच पद्धतीने साफ करावा. हीच अर्थिंगची जागा, आणि पावसाळ्यात चिखलपाणी उडून ती आधी गंजते. शेतात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत तर रोवणीचा हंगाम संपताच ही सफाई नेमाने करावी, कारण त्याच्या सेल्फची रचना तत्त्वतः मोटारगाडीसारखीच असते.

मल्टीमीटरने मोजमाप

सफाईनंतरही तोच आवाज येत असेल, तर मल्टीमीटर हाती घ्यावा. व्होल्टेज, प्रवाह व रोध मोजणारे हे साधन विजेच्या सामानाच्या दुकानात अल्प किमतीत मिळते. ते २० व्होल्ट डीसीवर ठेवून, गाडी काही तास उभी असताना, लाल तार अधिक व काळी तार उणे खुंटावर टेकवावी. मोटारगाडीच्या बॅटरीत सहा कप्पे असून प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो, त्यामुळे पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ म्हणजे साधारण तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे एक-चतुर्थांश, आणि ११.८ च्या खाली बॅटरी जवळजवळ रिकामी समजावी. नीट चार्ज करूनही आकडा १०.५ च्या जवळपासच अडून राहत असेल, तर एक कप्पा निकामी झाला आहे आणि अशी बॅटरी पुन्हा चार्ज करण्यात अर्थ नाही.

दुसरे मोजमाप सेल्फ मारत असताना घ्यावे, आणि तेच निर्णायक असते. इंजिन फिरवण्याचा प्रयत्न चालू असताना बॅटरीच्या खुंटांवरील व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. विश्रांतीत १२.६ दाखवणारी बॅटरी भाराखाली ७ किंवा ८ वर कोसळत असेल आणि मोटर वा इंजिन अडलेले नसेल, तर तिच्या पट्ट्या झिजल्या आहेत किंवा त्यांवर सल्फेटचा कठीण थर बसला आहे. उलट, व्होल्टेज १२ च्या वर टिकून राहते आणि तरीही मोटर फिरत नाही, तर बॅटरी निर्दोष असून प्रवाहाची वाट पुढे कुठेतरी तुटली आहे.

ती जागा शोधण्यासाठी व्होल्टेजची घट मोजतात. मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या अधिक खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी सेल्फवरील जाड केबलच्या बोल्टवर टेकवून सेल्फ मारावा, आकडा ०.५ व्होल्टपेक्षा अधिक आला, तर त्या दोन बिंदूंमधील केबल किंवा जोडणी दोषी. मग एक तार उणे खुंटावर आणि दुसरी सेल्फच्या धातूच्या अंगावर ठेवून तीच चाचणी करावी, इथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा अधिक घट दिसली, तर अर्थिंग खराब आहे. या दोन्ही चाचण्या मोटरकडे प्रवाह जात असतानाच अर्थपूर्ण ठरतात. सोलेनॉइडचे संपर्कबिंदू जुळतच नसतील, तर मोठा प्रवाह वाहत नाही आणि घटही दिसत नाही.

सेल्फ, आणि अडकलेले इंजिन

बॅटरी, केबल व अर्थिंग निर्दोष ठरल्यानंतरच संशय सेल्फवर घ्यावा. सेल्फच्या अंगावर लाकडी मुठीने हलकेच ठोकताच गाडी सुरू झाली, तर झिजलेले कार्बन ब्रश किंवा सोलेनॉइडचे संपर्कबिंदू हे कारण बहुधा खरे असते. परंतु हा फक्त घरापर्यंत पोहोचण्याचा उपाय समजावा, आणि अलीकडच्या अनेक सेल्फमध्ये कायमचुंबक असल्याने जोरात ठोकल्यास ते तडकू शकतात, हे लक्षात ठेवावे. ब्रश, बुश आणि सोलेनॉइड हे भाग अनेक सेल्फमध्ये स्वतंत्रपणे बदलता येतात, म्हणून पूर्ण सेल्फ बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तो उघडून तपासून घ्यावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट थांबावे, अन्यथा तापून चांगली वेटोळीही जळतात.

इंजिनच अडकले आहे का, हे पाहण्यासाठी चावी बंद करून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना इंजिन हाताने फिरते का ते पाहावे. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाबतीत ही खबरदारी जीवनमरणाइतकी महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरात भंडारा शहराचे सखल भाग आणि नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली होती. अशा पाण्यात बुडालेल्या गाडीच्या हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर चावी फिरवल्यावर नेमका हाच एक जड ‘टक’ ऐकू येतो. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो, आणि जबरदस्तीने किंवा धक्का मारून इंजिन फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकून इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. पुरातून निघालेल्या गाडीला म्हणून एकदाही सेल्फ मारू नये. बॅटरीचे उणे टोक काढून ठेवावे आणि गाडी ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी.

वाटेत अडल्यास

जुन्या राष्ट्रीय महामार्ग ६ वर, म्हणजे आताच्या ५३ वर, लाखनी-साकोलीच्या दरम्यान किंवा कोका अभयारण्याच्या बाजूच्या रस्त्यावर गाडी अडल्यास, आधी ती रस्त्याच्या कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत. जंगलातील भागात अंधार पडल्यावर खाली उतरून दुरुस्तीला लागू नये. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कोणत्याही आणीबाणीत ११२ या क्रमांकांवर मदत मागता येते.

बॅटरी उतरली असल्याची खात्री असेल, तर दुसऱ्या १२ व्होल्टच्या गाडीची मदत जंपर केबलने घ्यावी. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला जोडावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, जोडावी, म्हणजे शेवटची ठिणगी हायड्रोजनजवळ पडत नाही. मदत करणारी गाडी काही मिनिटे चालू ठेवून मग बंद गाडीचा सेल्फ मारावा, आणि केबल उलट्या क्रमाने काढाव्यात. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची व्यवस्था असते, म्हणून ट्रकच्या बॅटरीवरून मोटारगाडी सुरू करण्याचा मोह टाळावा. धक्का मारून सुरू करणे केवळ हाताने गिअर बदलण्याच्या गाडीतच शक्य असते, ऑटोमॅटिकमध्ये नाही, आणि ते सपाट, मोकळ्या रस्त्यावरच करावे.

बॅटरी का उतरते

गाडी एकदा सुरू झाली म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे, कारण उतरलेली बॅटरी बहुधा दुसऱ्या एखाद्या दोषाचा परिणाम असते. इंजिन चालू असताना बॅटरीच्या खुंटांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याहून कमी दिसले, तर वीज निर्माण करणारा अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा, आणि १५ च्या वर गेले, तर बॅटरी अतिचार्ज होऊन आतील पाणी उकळून जात आहे.

गाडी नुसती उभी असतानाही घड्याळ, अलार्म आणि संगणकीय भाग थोडा प्रवाह घेतात. तो ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. एवढाही प्रवाह सलग वाहिला, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरा दिवसांत निम्मी उतरते. रोवणीच्या हंगामात दोन-तीन आठवडे न हललेली गाडी नेमक्या गरजेच्या वेळी का अडते, याचे हे उत्तर आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी चालवणे, किंवा दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास उणे टोक काढून ठेवणे, हा त्यावरील साधा उपाय होय.

हवामानाचा वाटा याहून मोठा आहे. मे महिन्यात भंडाऱ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बोनेटखालचे तापमान त्याहून बरेच वाढते. अशा उष्णतेत बॅटरीतील पाणी लवकर आटते आणि पट्ट्यांचा क्षय वेगाने होतो, परंतु गरम इंजिन सहज फिरत असल्याने हे नुकसान तेव्हा लपून राहते. डिसेंबरच्या पहाटे इंजिनातील तेल घट्ट होते, बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि उन्हाळ्यात झालेले नुकसान एका ‘टक’ आवाजाने उघड होते. ज्या बॅटरीची झाकणे उघडता येतात, तिच्यात उन्हाळ्यात दर महिन्याला पाण्याची पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर भरावे, विहिरीचे किंवा नळाचे पाणी कधीही भरू नये.

गॅरेजमध्ये काय विचारावे

सुटा भाग बदलण्यापूर्वी गाडीमालकाने तीन आकडे मागावेत: विश्रांतीतील व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे व्होल्टेज आणि इंजिन चालू असतानाचे व्होल्टेज. हे आकडे सर्व्हिस बुकात तारखेसह लिहून ठेवले, तर बॅटरीचे आरोग्य महिन्यागणिक दिसते आणि मे व नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा केलेली मोजणी बहुतेक वेळा बिघाडाच्या आधीच इशारा देते. बॅटरी बदलावी लागली, तर जुनी बॅटरी भंगारात न विकता नवीन घेताना विक्रेत्याकडेच परत करावी. तिच्यातील शिसे आणि गंधकाम्ल माती व पाणी दोन्ही विषारी करतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात हा नियम प्रत्येक गाडीमालकाने स्वतःचा मानून पाळला पाहिजे.